कॉक्लियातला रक्तप्रवाह मोजताना

सुई टेकवली की पडद्यावर आकडा लगेच येतो: १८४, १९१, १८८. आकडा दाखवण्यात लेझर डॉप्लर फ्लोमीटर, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने रक्तप्रवाह मोजणारं यंत्र, कधी मागे राहत नाही. तो कुठल्यातरी वाहत्या रक्ताचाच आकडा असतो, यातही शंका नसते. पण त्यातलं कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानाच्या ऐकण्याच्या भागाच्या, आतलं रक्त किती, वरच्या हाडातलं किती आणि हाडाला चिकटलेल्या पातळ अस्तरातलं किती, हे यंत्र सांगत नाही. अंतर्कर्णातल्या रक्ताभिसरणाच्या कामात दिवसाचा मोठा भाग या वाटणीत जातो, आणि प्रयोग फसतो तोही बहुधा इथेच.

मूळ अडचण जागेची आहे. कॉक्लिया म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी, आणि ती बसलेली असते शरीरातल्या अतिशय टणक हाडात. तिथे रक्त पोचण्याची वाट जवळजवळ एकच. मानेतून वर येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांची मिळून बॅसिलर धमनी होते. तिची फांदी म्हणजे अँटिरियर इन्फिरियर सेरेबेलर आर्टरी. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘आयका’ म्हणतात. आयकातून बहुधा लॅबिरिंथाइन धमनी निघते आणि तिच्यातून पुढे कॉक्लियाच्या मधल्या दांड्याभोवती चढत जाणारी स्पायरल मोडिओलर धमनी. या धमनीच्या बारीक फांद्या वरून कमान घेऊन बाहेरच्या भिंतीत उतरतात. भिंतीच्या आतल्या अंगाला स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस हा केशवाहिन्यांचा दाट पट्टा असतो. आल्फोन्सो कोर्तीने १८५१ मध्ये अंतर्कर्णाच्या ज्या बारीक रचना लिहून ठेवल्या, त्यांत हा पट्टाही आहे. दुसरीकडून येऊन मिळणारी भरवशाची मोठी वाहिनी नसल्यामुळे आयका दाबली की आतल्या कानाचा पुरवठा तुटतो. रुग्णासाठी हे संकट असलं, तरी मोजमाप करणाऱ्याच्या हाती त्यामुळे एक चांगली कसोटी येते.

स्ट्राया आणखी एका कारणाने महत्त्वाची. कॉक्लियाच्या मधल्या कप्प्यातल्या द्रवात सुमारे +८० ते +९० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो, तो तीच राखते. बेकेशीने १९५२ मध्ये नोंदवलेलं हे एंडोकॉक्लियर पोटेन्शियल रक्तपुरवठ्यावर इतकं अवलंबून असतं की पुरवठा थांबला की मिनिटाभरातच ते घसरू लागतं आणि काही मिनिटांत शून्याच्या खाली जातं. म्हणून प्रवाह मोजणारं यंत्र काहीही म्हणो, शेजारी हा दुसरा साक्षीदार असलेला बरा. डॉप्लरचा आकडा निम्म्यावर आला आणि पोटेन्शियल ढिम्म हललं नाही, तर आधी प्रोबवर, म्हणजे यंत्राच्या त्या सुईवर, संशय घ्यायचा.

प्राणी म्हणून गिनीपिग घेतला जातो, तो कॉक्लियाच्या ठेवणीमुळे. त्याच्या मधल्या कानाची फुगीर हाडी पोकळी, म्हणजे बुल्ला, उघडली की कॉक्लिया हाडात गाडलेला दिसत नाही. साडेतीन-चार वेटोळ्यांचा शंकू पोकळीत मोकळा उभा असतो आणि त्याची भिंत पातळ असते. माणसात वेटोळी अडीच, आणि वरचं हाड जाड. गिनीपिग २५० ते ४०० ग्रॅमचा घेतात. नीतिसमितीची मंजुरी आहे, हे धरूनच पुढचं सगळं. भूल देण्याआधी टाळी वाजवून कानाची पाळी उडते का ते पाहायचं. ती प्रायरची प्रतिक्षिप्त क्रिया. मग ऑटोस्कोपने कानाचा पडदा तपासायचा. मधल्या कानात जुना संसर्ग झालेला असला की अस्तर जाड आणि लालसर असतं. अशा कानातला अर्धाअधिक सिग्नल अस्तराचाच येतो. तो प्राणी बाजूला ठेवावा, ‘चालवून घेऊ’ म्हणू नये.

भूल कुठली, यावरून प्रयोगशाळांमध्ये मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. केटामीन-झायलाझिनमधलं झायलाझिन हृदयाची गती आणि रक्तदाब उतरवतं. आयसोफ्लुरेन वाहिन्या सैल करतं, म्हणजे जे मोजायचं त्यालाच हात लावतं. युरेथेन किलोला दीड ग्रॅम या हिशेबाने दिलं तर कित्येक तास एकसारखी भूल राहते, पण ते कर्करोगकारक आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड यांशिवाय त्याचं द्रावण बनवायचं नाही, आणि प्राण्याला परत उठवायचं नसेल तेव्हाच ते वापरायचं. दीर्घ मोजणीसाठी आमचा कल युरेथेनकडे. कुठलीही भूल घेतली तरी एक नियम पाळावा: एका मालिकेत भूल बदलायची नाही. केटामीनचे सहा प्राणी आणि युरेथेनचे सहा एकत्र करून काढलेल्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर जोडायचा. धमनीत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनची बारीक नळी ठेवून रक्तदाब सतत नोंदवायचा. भुलेतल्या गिनीपिगचा सरासरी दाब पारा ४० ते ६० मिलिमीटरच्या आसपास असतो. माणसाच्या आकड्यांची सवय असलेला नवखा इथे उगाच घाबरतो. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटरच्या जवळ राहील असा व्हेंटिलेटर लावायचा, कारण हा वायू स्वतःच वाहिन्या रुंदावतो. गुदाशयातलं तापमान ३८ अंशांवर, अर्ध्या अंशाच्या फरकाने. इथे एक बारीक खोच आहे. गरम पॅडमुळे अंग उबदार राहतं, पण बुल्ला उघडली की कॉक्लिया स्वतंत्रपणे थंड होतो. एक-दोन अंशांनी सहज. पॅडचं यंत्र ३८ दाखवत राहतं आणि कानातला प्रवाह मात्र अर्ध्या तासात हळूहळू उतरत जातो. मग कुणीतरी त्या उताराला औषधाचा परिणाम म्हणतं. डोक्याचा धारक गरम करता येत असेल तर उत्तम. नाहीतर छोटा दिवा डोक्यावर ठरावीक अंतरावर ठेवायचा आणि उघडलेल्या भोकावर मोजणी नसेल तेव्हा ओलसर कापूस झाकायचा.

डोकं मात्र पक्कं जखडलेलं हवं. दातांची पट्टी पुरत नाही. कवटीवर छोटा स्क्रू बसवून डेंटल सिमेंटने तो धारकाशी जोडला की श्वासाबरोबर होणारी हालचाल बरीच मरते. तरीही नोंदीत व्हेंटिलेटरच्या गतीची नियमित लाट दिसत असेल, तर ती रक्ताची नाही, प्रोब आणि हाडाच्या सापेक्ष हालचालीची आहे. व्हेंटिलेटर दहा सेकंद थांबवून बघायचं: लाट गेली तर कारण कळलं.

बुल्ला कानामागून किंवा खालून उघडतात. नस्तराने किंवा बारीक ड्रिलने ३–४ मिलिमीटरचं भोक पुरतं. ड्रिल कॉक्लियाला लागू देऊ नये हे सांगायला नको, पण त्याचा आवाजही इजा करतो, हे सांगावं लागतं. म्हणून शेवटचा पापुद्रा हाताने, बारीक चिमट्याने तोडतात. उघडल्यावर गोल खिडकीच्या, म्हणजे कॉक्लियाच्या हाडातल्या पातळ पडद्याने बंद असलेल्या भोकाच्या, काठावर चांदीचा गोळी-इलेक्ट्रोड ठेवून श्रवणतंत्रिकेचं कंपाउंड ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे आवाजाला तिने दिलेला एकत्रित विद्युत प्रतिसाद, तपासायचं. उघडण्याआधी मेंदूच्या खोडाच्या श्रवणप्रतिसादावरून काढलेला ऐकण्याचा उंबरठा (ज्याला प्रतिसाद मिळतो तो सर्वांत मंद आवाज) आणि हा नवा उंबरठा यांत मोठी तफावत पडली, तर शस्त्रक्रियेतच कान दुखावला आहे. अशा कानाचा रक्तप्रवाह मोजून काय करणार?

मग अस्तर. कॉक्लियाच्या हाडावर मधल्या कानाचं पातळ अस्तर असतं आणि त्याच्या वाहिन्या वेगळ्या पुरवठ्यावर चालतात. प्रोब जिथे ठेवायचा तेवढ्या जागेचं, मिलिमीटरभराचं, अस्तर कोरड्या कापसाच्या टोकाने एका दिशेने पुसून काढायचं. मागे-पुढे घासलं तर रक्त येतं. आलेला थेंब वाळून डाग बसला की तो लेझरचा प्रकाश शोषतो आणि आकडा खाली येतो. ओला राहून हळू सरकत असला तर आकडा वर जातो. म्हणजे एकच थेंब दोन्हीकडून फसवू शकतो. दहा मिनिटं थांबून, जागा पूर्ण फिकट आणि कोरडी झाल्यावरच पुढे जावं.

लेझर डॉप्लरचं तत्त्व सोपं आहे. सुमारे ७८० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाच्या लगेच पलीकडचा किरण एका तंतूतून ऊतीत जातो. थांबलेल्या गोष्टींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता तीच राहते, चालत्या तांबड्या पेशीवर आपटून आलेल्याची किंचित बदलते. शेजारचा दुसरा तंतू दोन्ही प्रकाश परत नेतो आणि यंत्र त्यांतून ‘चालत्या पेशींची संख्या गुणिले त्यांचा सरासरी वेग’ असा आकडा काढतं. या गुणाकारातला पहिला भाग लक्षात ठेवण्यासारखा. प्राण्याला भरपूर सलाइन दिलं, रक्त पातळ झालं, तर प्रवाह तोच असूनही आकडा घसरतो. आकड्याला एककही नाही. ते यंत्राचे ‘परफ्यूजन युनिट’ आहेत, मिलिलिटर नव्हेत. सकाळी प्रोबला स्थिर पांढऱ्या प्लॅस्टिकवर शून्य दाखवायचं आणि सूक्ष्म गोळ्यांच्या द्रावणात, जिथे गोळ्या ब्राउनीय गतीने हलत असतात, ठरलेला आकडा येतो का पाहायचं. ते द्रावण थंड असेल तर आकडा कमी येतो; खोलीच्या तापमानावर येऊ द्यावं आणि हलक्या हाताने ढवळून बुडबुडे जाईपर्यंत थांबावं.

सुईसारखा प्रोब, बाहेरचा व्यास सुमारे ०.८ मिलिमीटर, मायक्रोमॅनिप्युलेटरवर लावून पहिल्या वेटोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर आणायचा. हाडाला टेकेल पण दाबणार नाही, इतकाच. टेकला हे ओळखायची युक्ती अशी: मॅनिप्युलेटर अगदी थोडा थोडा पुढे न्यायचा, हवेतून जाताना आकडा अस्थिर असतो, टेकल्याबरोबर आकड्याची थरथर शांत होते. तिथेच थांबायचं. भिंतीला काटकोनात ठेवला तर सिग्नल सर्वांत चांगला. दोन्ही तंतूंमधलं अंतर जितकं जास्त, तितका प्रकाश खोलवरून येतो. पाव मिलिमीटर अंतराच्या नेहमीच्या प्रोबमध्ये ही खोली मिलिमीटरच्या आसपास असते. गिनीपिगच्या पातळ भिंतीतून तेवढ्यात स्ट्राया येते, पण हाडही येतंच. प्रोबची तार टेबलाला दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधून टाकायची. लोंबती तार कुणाच्या बाहीला लागली की नोंदीत उंच काटा उठतो, आणि संध्याकाळी तो ‘प्रतिसाद’ दिसू लागतो.

पंधरा-वीस मिनिटं बेसलाइन सपाट येईपर्यंत काहीच करायचं नाही. मग थेंबाची चाचणी. गोल खिडकीवर २ मायक्रोलिटर नायट्रोप्रुसाइड ठेवलं की वाहिन्या रुंदावतात आणि आकडा चढतो, ॲड्रेनलिनने उतरतो. पण त्याआधी नुसत्या सलाइनचा तेवढाच थेंब ठेवून पाहिलाच पाहिजे, तोही ३७ अंशांवर गरम केलेला. थंड थेंबाने एकट्यानेच, औषधाविना, काही मिनिटांची खळगी पाडलेली नोंद ज्याने पाहिली तो ही पायरी गाळत नाही. दुसरा धोका थेंब वाहण्याचा. खिडकीचा खळगा भरून तो हाडावरून प्रोबखाली गेला, तर औषध काठाच्या उरलेल्या अस्तरावर काम करतं आणि आपण मोजतो अस्तर. सूक्ष्मदर्शकातून थेंबाची कड डोळ्यांनी पाहत राहावी. खिडकीबाहेर ओघळला की ती नोंद बाद.

शिरेतून औषध दिलं तर हिशेब वेगळा. समजा रक्तदाब ५० वरून ४० वर आला आणि डॉप्लरचा आकडा १९० वरून १७१ वर. वरवर पाहता औषधाने कॉक्लियाचा प्रवाह दहा टक्के घटवला. पण प्रवाहाला दाबाने भागलं, की १९० भागिले ५० म्हणजे ३.८, आणि १७१ भागिले ४० म्हणजे जवळजवळ ४.२८. वाहिन्यांची वाहून नेण्याची क्षमता साडेबारा टक्क्यांनी वाढली आहे. औषधाने कानातल्या वाहिन्या सैल केल्या, पण सगळ्या शरीरातल्याही केल्या आणि दाबच कमी पडला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. शोधनिबंधात बरेचदा पहिलंच येतं.

आता सगळ्यात कष्टाची पायरी, आयका दाबण्याची. प्राणी उताणा; श्वासनळी आणि अन्ननलिका बाजूला सारून दोन बुल्लांच्या मधल्या कवटीच्या तळावर पोचायचं, ड्रिलच्या १ मिलिमीटरच्या बरने (गोल टोकाने) हाड विरळ करायचं आणि शेवटचा पापुद्रा उचलायचा. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उभी चिरली की मेंदूजल वर येतं. जिलेटिनच्या स्पंजने टिपायचं, सक्शन जवळ नेऊ नये, बॅसिलरच्या भिंतीला ओढ बसते. मधोमध बॅसिलर आणि तिच्यातून बाजूला जाणारी आयका दिसते. काचेच्या कांडीचं गोल केलेलं टोक किंवा मायक्रोक्लिप यांनी ती दाबायची. आकडा काही सेकंदांत कोसळतो, पण शून्यावर जात नाही. नवा माणूस इथे म्हणतो, क्लॅम्प नीट बसला नाही. बहुधा बसलेला असतो. जे उरतं ते हाडाचं आणि अस्तराचं रक्त. दोन-तीन मिनिटांत सोडलं की आकडा मूळ पातळीच्या वर उसळी घेतो आणि मग सावरतो. ही उसळी दिसली म्हणजे आतल्या वाहिन्या अजून शाबूत आहेत. जास्त वेळ दाबून ठेवलं तर उसळीही मंद होते आणि पोटेन्शियलही पूर्ण परत येत नाही, म्हणून पूर्ण क्लॅम्प आम्ही शेवटीच करतो. सुरुवातीला कांडीने पंधरा सेकंदांचा हलका दाब तेवढा द्यायचा, प्रोबची जागा बरोबर आहे का ते पाहण्यापुरता. ज्या जागी आकडा सर्वांत जास्त पडतो, ती जागा चांगली. सर्वांत मोठा आकडा दाखवणारी जागा चांगली, असं नाही. तिथे बरेचदा हाडातली एखादी वाहिनीच असते.

सगळं संपल्यावर, प्राणी खोल भुलेतच मृत झाल्यानंतरही यंत्र थोडंसं काही दाखवतं. ते जैविक शून्य. उदाहरणासाठी आकडे धरू: बेसलाइन १९०, आयका दाबल्यावर ७५, मृत्यूनंतर १५. मग आयकाच्या भरवशावर चालणारा भाग ११५. कॉक्लियाच्या प्रवाहात २० टक्के घट झाली तर ११५ चे २३ जातील आणि पडद्यावर १९० चे १६७ दिसतील. म्हणजे घट दिसेल फक्त १२ टक्क्यांची. दोन प्रयोगशाळांपैकी एकीने हाड-अस्तराचा वाटा वजा केला आणि दुसरीने नाही, तर दोघींचे टक्के जुळणारच नाहीत. मोठ्या आवाजानंतर कॉक्लियातला प्रवाह किती घटतो, यावर परस्परविरोधी निष्कर्ष येत राहिले, त्यात या फरकाचा वाटा लहान नसावा असं आमचं मत आहे.

वाहिनी डोळ्यांनी पाहायची असेल तर भिंतीत खिडकी करावी लागते. जिवंत कॉक्लियातल्या वाहिन्यांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचं काम पर्लमन आणि किमुरा यांनी १९५५ मध्ये मांडलं. तंत्र पुढे खूप सुधारलं, पण हात अजून तसाच लागतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेटोळ्यावर, बाजूला ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा चौकोन. मोडलेल्या ब्लेडच्या कोपऱ्याने चारी कडा खरवडत हाड इतकं पातळ करायचं की खालचा स्ट्रायाचा गडद पट्टा दिसू लागतो (रंगद्रव्य असलेल्या प्राण्यात तो फार स्पष्ट दिसतो, पण तेच रंगद्रव्य आतला प्रकाश खातं, पांढऱ्या प्राण्यात उलट). कडेला सूक्ष्म हूक घालून तुकडा वर उचलायचा. खाली स्पायरल लिगामेंट, म्हणजे स्ट्राया आणि हाड यांच्यामधला ऊतीचा थर, असतो. हूक किंचित खोल गेला की तो फाटतो आणि वाहिनीतून रक्त झिरपतं. त्या कानाचं काम तिथेच संपतं. तुकडा सुटला की वर काचेचा छोटा तुकडा ठेवायचा, नाहीतर पृष्ठभाग वाळतो.

फ्लोरेसिन हा चमकणारा रंग जोडलेला मोठ्या रेणूचा डेक्स्ट्रॅन शिरेतून दिला की प्लाझ्मा चमकतो आणि तांबड्या पेशी काळ्या सावल्यांसारख्या दिसतात. रेणू लहान असला तर तो वाहिनीबाहेर झिरपून सगळीकडे धुकं करतो. निळा प्रकाश शटरने फक्त नोंदीपुरता, काही सेकंदच, उघडायचा. उजेडात फ्लोरेसिन वाहिनीच्या अस्तराला इजा करतं. दहा मिनिटं उघडा ठेवलात तर तुमच्याच प्रकाशाने गुठळी झालेली दिसेल. या दोषाचा उपयोगही केला जातो: रोझ बेंगाल हा रंग देऊन हिरवा प्रकाश टाकला की ठरलेल्या जागी मुद्दाम गुठळी तयार करता येते, आणि आतल्या कानाच्या रक्तपुरवठा-तुटीचं ते एक प्रचलित प्रारूप आहे.

वेग मोजताना कॅमेऱ्याचा हिशेब आधी करावा. स्ट्रायाच्या केशवाहिनीत पेशी सेकंदाला ०.१ ते ०.२ मिलिमीटर अशा संथ गतीने जातात. ०.१५ धरला आणि कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असला, तर एका चित्रातून दुसऱ्यात पेशी ५ मायक्रोमीटर सरकते, ओळखता येते. औषधाने वेग तिप्पट झाला की ती १५ मायक्रोमीटर सरकते, तेवढ्यात मागची पेशी तिच्या जागेजवळ येते आणि आपण चुकून दुसरीलाच पहिली समजतो. मग आलेख वाढ अजिबात दाखवत नाही. उपाय दोन: चित्रांचा वेग वाढवा, किंवा थोड्या पेशी बाहेर काढून चमकत्या रंगाने रंगवा आणि परत सोडा. शंभरात एखादी पेशी चमकणारी असली की अदलाबदल होत नाही.

एका वाहिनीतून रक्त किती जातं, याचा अंदाज काढू. व्यास १० मायक्रोमीटर. छेदाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मायक्रोमीटर. गुणिले सेकंदाला १५० मायक्रोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ पिकोलिटर, मिनिटाला ०.७ नॅनोलिटर. आता व्यास वाचताना १ मायक्रोमीटरची चूक झाली, ११ वाचला, तर उत्तर २१ टक्क्यांनी फुगतं. धूसर कडेवरून १ मायक्रोमीटरची चूक होणं म्हणजे रोजचीच गोष्ट. म्हणून व्यास एका जागी नव्हे, वाहिनीच्या लांबीवर पाच-सहा ठिकाणी घ्यायचा. मोजणाऱ्याला औषध कुठलं ते कळू द्यायचं नाही. आणि खिडकी एवढीशी, वाहिन्या पाच-दहा, हे विसरून ‘कॉक्लियाचा प्रवाह’ असं लिहायचं नाही.

खरा मिलिलिटरांतला आकडा देण्याचं वचन सूक्ष्म गोळ्या देतात. १५ मायक्रोमीटर व्यासाच्या, किरणोत्सारी किंवा रंगीत गोळ्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात सोडायच्या. रक्ताबरोबर वाटल्या जाऊन त्या केशवाहिन्यांत अडकतात. शिरेतून दिल्या तर सगळ्या फुफ्फुसातच अडकतात, म्हणून डावा कप्पाच. सोडण्याच्या दहा सेकंद आधीपासून मांडीच्या धमनीतून पंपाने ठरलेल्या गतीने रक्त ओढत राहायचं, मिनिटभर तरी. मग साधं त्रैराशिक. ओढलेल्या रक्तात १०,००० गोळ्या, ओढण्याची गती मिनिटाला ०.६ मिलिलिटर, कॉक्लियात ३० गोळ्या सापडल्या, तर कॉक्लियाचा प्रवाह मिनिटाला १.८ मायक्रोलिटर. सगळी गोम त्या ‘३०’मध्ये आहे. मोजणीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाएवढी: ३० ला साधारण साडेपाच, म्हणजे १८ टक्के. दहा टक्क्यांच्या आत विश्वासाने यायचं तर नमुन्यात ४०० च्या आसपास गोळ्या लागतात. एवढ्याशा कॉक्लियात तितक्या पोचवायच्या तर शरीरात इतक्या सोडाव्या लागतात की केशवाहिन्या तुंबून दाबच कोसळतो. स्ट्राया वेगळी, लिगामेंट वेगळा, अशी वाटणी केली की हाती पाच-सात गोळ्या उरतात. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून थोडा ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारा पदार्थ) घालून, अल्ट्रासाउंडच्या भांड्यात हलवून लगेच द्याव्यात; चार गोळ्यांचा गठ्ठा एका वाहिनीत बसला तर आकडेवारीचा सगळा पाया सुटतो.

हायड्रोजन क्लिअरन्सबद्दल थोडक्यात. श्वासात थोडा हायड्रोजन देऊन तो थांबवायचा आणि प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर विद्युतप्रवाह किती वेळात निम्मा होतो ते पाहायचं; रक्त जितकं वेगाने वाहतं, तितका हायड्रोजन लवकर धुऊन जातो. इलेक्ट्रोड पेरिलिम्फमध्ये, म्हणजे कॉक्लियाच्या बाकीच्या कप्प्यांतल्या द्रवात, असला तर द्रवातून हायड्रोजन हळू पसरतो, म्हणून झटपट बदल सापडत नाहीत. हवेत ४ टक्क्यांच्या वर हायड्रोजन पेट घेतो. कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवण्याचं हत्यार, त्या खोलीतही ठेवू नये. कार्बन-१४ लावलेल्या आयोडोअँटिपायरिन या रक्तातून ऊतीत शिरणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाने कॉक्लियाच्या प्रत्येक भागाचा नकाशा छान मिळतो, पण एका प्राण्याचं एकच चित्र, तेही मृत्यूच्या क्षणाचं.

अलीकडे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीने, १३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने, उंदराच्या कॉक्लियाची भिंत न फोडताच आतल्या वाहिन्यांचं जाळं दिसतं. ही मोठी सोय आहे. फक्त डॉप्लर पद्धतीने वेग काढताना कोन पाहावा: वाहिनी किरणाला काटकोनात असली की वेग शून्य येतो, आणि भिंतीतल्या बऱ्याच वाहिन्या अगदी तशाच आडव्या धावतात. वाहिनी ‘दिसते’ आणि वाहिनीत किती ‘वाहतं’, ही दोन वेगळी विधानं आहेत.

माणसात यातलं फार थोडं करता येतं. शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारा पदार्थ) देऊन चार तासांनी घेतलेल्या एमआरआयमध्ये अंतर्कर्णातला द्रव उजळतो, पण त्यातून रक्त आणि द्रव यांच्यामधल्या भिंतीतून किती झिरपतं ते कळतं, वेग नाही. कानाच्या शस्त्रक्रियेत प्रोमोंटरीवर, म्हणजे मधल्या कानात दिसणाऱ्या कॉक्लियाच्या हाडी फुगवट्यावर, डॉप्लर प्रोब ठेवता येतो, मात्र तिथलं हाड मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड आणि वर अस्तर. शिवाय रक्तस्राव थांबवायला बहुधा ॲड्रेनलिनचा कापूस आधीच ठेवलेला असतो, त्यामुळे बेसलाइन मुळातच आकसलेली. प्रोब हाताने धरला तर काही कळत नाही; धारक लागतो, आणि सर्जनला दोन मिनिटं हात बाजूला ठेवायला आधीच राजी करावं लागतं. आयका दाबून हाडाचा वाटा काढणं इथे शक्य नाही. श्रवणतंत्रिकेजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत म्हणून प्रवाहाऐवजी त्याचा परिणाम ऐकतात: कानात दोन स्वर सोडून डिस्टॉर्शन प्रॉडक्ट ओटोअकूस्टिक एमिशन, म्हणजे त्या स्वरांना उत्तर म्हणून कॉक्लियातूनच बाहेर येणारा मंद आवाज, सतत नोंदवायचं. लॅबिरिंथाइन धमनी हत्याराखाली दबली की हे उत्सर्जन मिनिटाच्या आत पडू लागतं आणि दाब लवकर काढला तर परत येतं. त्यासाठी कानाच्या नळीत बसवलेल्या प्रोबच्या टोकाला धुण्याचं पाणी लागू नये, म्हणून वरून मेण आणि चिकटपट्टी लावून तो सुरुवातीलाच बंद करावा लागतो. शस्त्रक्रियेच्या मध्यावर तिथे पोचता येत नाही.